आईची गाय

घाटनांदूर, पौष वद्य ३, शके १८३५

आजपासून लिहायला घेतलं. कारण एवढंच की या गावात बोलण्याजोगा माणूस उरलेला नाही. तोंड उघडलं की समोरचा जांभई देतो, नाहीतर धोतरजोडीचा भाव विचारतो. कागद निदान जांभई तरी देत नाही.

माझ्या दोन बायका गेल्या. पहिली बाळंतपणात, दुसरी प्लेगात. मूलबाळ नाही. घर आक्का सांभाळते, म्हणजे माझी थोरली विधवा बहीण शांतादेवी. ती भाकरी करपवते आणि गप्प बसते, दोन्ही सारख्याच निष्ठेने. कापडाचं दुकान माझं एकट्याचं. माणसानं कुणासाठी गल्ल्यावर बसायचं, असा विचार हल्ली दुपारी मनात येतो, म्हणून तिसरं लग्न ठरवलं.

मुलगी केजच्या आप्पारावाची, नीलम्मा. अठरा सरली. तिचा साखरपुडा झाला होता, पण तो मुलगा प्लेगात गेला. तेव्हापासून लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. थोड्या मानतो, पण ते आप्पारावाला कशाला सांगा? उपकार करायचे तर पुरते करावेत. मी पन्नाशीला टेकलो असलो तरी मिशीला कलप लावला की चाळिशीचा दिसतो, हे न्हावीसुद्धा म्हणतो. न्हावी लबाड आहे ही गोष्ट वेगळी.

पौष वद्य ६

चुलतभाऊ सिद्धलिंग उगवला. चौदा वर्षांमागे मुंबईच्या एका कापडवाल्याकडे म्हणून गेलता, तिथून आगबोटीत बसून आफ्रिकेत नाताळ म्हणून मुलूख आहे तिथे गेला आणि रानातल्या दुकानात मणी, घोंगड्या, मीठ विकत बसला. चौदा वर्षांची कमाई काय, तर एक पत्र्याची पेटी, एक छत्री आणि तिथल्या झुलू लोकांच्या गोष्टी. गळ्यातलं लिंग तेवढं शाबूत आणलंय, म्हणून घरात घेतला.

रात्री जेवताना सुरू झाला. "अण्णा, तिकडं मागणी घालायची रीत लई न्यारी. नवरदेवाकडली माणसं भल्या पहाटं पोरीच्या दारात उभी ऱ्हात्यात आन् कुंपणाभायरून वरडत्यात. त्या घराण्याच्या सात पिढ्यांची नावं घेऊन वाहवा करत्यात. आतली माणसं ऐकून न ऐकल्यावानी करत्यात. उन्हं वर आली तरी दार उघडत न्हाईत."

"कावून?"

"पोरीची किंमत कळाया नको?"

मी हसलो. हसता हसता ठसका लागला. भिकाऱ्यासारखं दारात उभं राहून ओरडायचं, आणि म्हणे लग्न! आक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सिद्धलिंगाला म्हणाली, "मंग पुढं?" वर्षभरात तिनं स्वतःहून काही विचारल्याचं मला आठवत नाही.

पौष वद्य १२

परवा केजला जाऊन आलो. मुक्कामाला मोमिनाबादेत थांबलो, तिथे शालू पाहिला. दुकानदार माझ्यासारखाच चोर आहे, पण माल बरा आहे.

आप्पारावाच्या दारात उभा राहिलो. आप्पाराव म्हणजे हळद-मिरचीचं दुकान मांडून बसलेला गृहस्थ. स्वतः दिवसभर शिंकत असतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, माल ताजा आहे. पाऊण तास त्यानं मला ओट्यावर बसवून ठेवलं. आत कुणीतरी लुगडं शोधत होतं म्हणे. मीही बसल्या बसल्या त्याच्या आजोबाची, पणजोबाची तारीफ केली. सोयरीक जुळवताना गोड बोलावं लागतं, ती आपली रीतच आहे.

देज ठरलं, म्हणजे नवरीच्या बापाला द्यायचं ते. कंधारी बैलांची जोडी, माझ्या शेतावरची, गाडीला जुंपून नेलेली, पाहणाऱ्यानं पाहत राहावी अशी. आप्पारावाचे डोळे तिथेच चिकटले. घरी येऊन सिद्धलिंगाला सांगितलं तर म्हणतो, "झुलूबी नवरीच्या बापाला गुरंच देत्यात, अण्णा." मी त्याला चांगला झाडला. अरे बे, ते गुरं देऊन पोरगी विकत घेतात, आपण मान देतो. फरक कळत नाही तर कशाला गेलता समुद्रापलीकडे? तो म्हणाला, "त्येबी मानच म्हणत्यात." उर्मट आहे.

मग त्यानं एक भलतीच गोष्ट सांगितली. बापाला गुरं देतात त्यात एक गाय नवरीच्या आईची असते. निराळी. ती बापानं विकायची नाही, भावानं हाकायची नाही, कुणी हात लावायचा नाही. ती आईची. का, तर तिनं पोर वाढवलं. आक्का चुलीपुढे होती. हातातली फुंकणी तशीच धरून ऐकत राहिली आणि भाकरी करपली.

माघ शुद्ध २

दुकानात हल्ली गर्दी वाढलीय. झुलूंच्या गोष्टी मी सांगतो, सिद्धलिंगाला नीट सांगता येत नाहीत. तो सांगतो तेव्हा माणसं गप्प होतात, मी सांगतो तेव्हा पोट धरून हसतात. नवरी हातात सुरी घेऊन नाचते, हे मी मोजायच्या गजानं करून दाखवलं. दोन्हीकडची वऱ्हाडं समोरासमोर उभी राहून नाचात एकमेकांना हरवायला बघतात, मधेच शिव्यांची गाणी म्हणतात. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून ती आडून आडून बोलते. काय ही माणसं! सटवा, माझ्या दुकानातला हमाल, तो तर लोळला. सटवा सोंगं आणण्यात पटाईत आहे, आखाडीच्या खेळात तो रावण होतो.

गंगाधर तेल्याची बायको म्हणाली, "शेट, आमच्यातबी सुनंला सासऱ्याचं नाव कुठं घेता येतं?" मी म्हणालो, ते वेगळं. ती खण न घेताच गेली. बायकांना तारतम्य नसतं.

माघ शुद्ध ९

आज सिद्धलिंगानं कहर सांगितला. हे मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही.

लग्नाच्या दिवशी, दोन्ही वऱ्हाडं जमली, नाच झाला, की एक सरकारी माणूस काठी घेऊन मधे उभा राहतो. आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, नवरीला विचारतो: बाई, तू तुझ्या मर्जीनं याच्याशी लग्न करतेस का? ती हो म्हणाली तरच लग्न.

"आन् न्हाई म्हणाली तर?" हे आक्कानं विचारलं.

"तर गुरं माघारी, आक्का. लगीन मोडलं."

"म्हंत्यात का कुणी न्हाई?"

"एकदा बगितलं म्या. आमच्या दुकानाच्या मागल्या टेकडीवर. पोरगी उंच, लाल मण्यांची. न्हाई म्हणली आन् माघारी चालाय लागली. कुणी अडिवलं न्हाई."

मी म्हणालो, "म्हणजे बाप मूर्ख, नवरा मूर्ख आन् सरकार सगळ्यात मोठं मूर्ख. बाजारात बैलाला इचारतो का आपण, बाबा तुला ह्यो मालक पसंत हाय का?" आपल्याच बोलण्यावर मला फार हसू आलं. आक्का उठून आत गेली. सिद्धलिंगानं ताटातला घास चिवडला आणि म्हणाला, "अण्णा, बैल न्हाई त्या." एवढंच. उत्तर द्यावं अशा लायकीचा तो नाही.

माघ शुद्ध १३

केजला शालू दाखवायला गेलो होतो. ओट्यावर आप्पाराव, आत दाराआड त्याची बायको सुभद्राबाई आणि तिच्यामागे नीलम्मा. गप्पा रंगाव्यात म्हणून मी झुलूंचं सगळं पुराण लावलं. गज नव्हता म्हणून आप्पारावाची छत्री घेऊन नाचूनही दाखवलं. आप्पाराव शिंकून शिंकून हसला.

आणि नीलम्मा हसली. पदरात तोंड लपवून, पण हसली, मी आवाज ऐकला. माझ्या वयाच्या माणसानं असं लिहू नये, पण छातीत काहीतरी हललं. मग आतून सुभद्राबाईनं विचारलं, "पोरगी इचारतीय, त्या मुलखात नवरी न्हाई म्हणली तर तिला मारत्यात का?"

मी म्हणालो, "मारतात कुठले! गुरं परत घेऊन तोंड वासून घरी जातात, बावळट लोक."

जरा वेळानं परत आतून: "सगळ्यांच्या देखत इचारत्यात का घरात?"

"सगळ्यांच्या देखत. मोठ्यानं. तोच तर तमाशा!"

पोरगी चौकस आहे. माझ्या बोलण्यात रमते. परत येताना दमणीत बसून मी गाणं म्हणत होतो आणि गाडीवान माझ्याकडे वळून वळून पाहत होता. मूर्ख आहे.

माघ वद्य १

लग्नाची तयारी. आक्काला म्हटलं, तुला लुगडं कोणतं घेऊ? म्हणाली, कोणतंबी. तिला काही विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

मला एक नामी कल्पना सुचलीय. मांडवात रुखवताच्या वेळी बायका कंटाळवाणे उखाणे घेतात, त्यापेक्षा आपण झुलूंचं लग्न लावून दाखवू. सटवाला काठी आणि घोंगडी देऊन सरकारी माणूस करायचा. त्यानं नवरीला विचारायचं. पोरगी लाजून खाली मान घालणार, मांडव हसून फुटणार. वर्षभर केजात नाव निघेल. आणि बैलजोडीबरोबर एक गायही पाठवायची, आईची! माझी ती लंगडी, भाकड, शिंग मोडलेली. तिच्या गळ्यात झेंडूची माळ घालू.

सिद्धलिंग म्हणाला, "अण्णा, ह्ये नगा करू." मी विचारलं, कावून? म्हणाला, "इचारलं की जबाब येतो." त्याच्या डोक्याला तिकडचं ऊन लागलंय.

माघ वद्य ४, केज

वऱ्हाड पोचलं. जानवसा देवळाच्या ओवरीत. उद्या सकाळी अक्षता. आज दुपारी हळद आणि मग रुखवत.

केजच्या बायका रुखवताची गाणी म्हणायला लागल्या, त्यात माझं पोट, माझी मिशी, माझ्या दुकानातला आखूड गज, काहीही शिल्लक ठेवलं नाही. "नवरदेवाच्या मिशीला काजळ कुणी लावलं" असं एक कडवं होतं. आमच्याकडच्या बायकांनीही आप्पारावाच्या नाकावर गाणं लावून परत फेडलं. मी हसलो. ही आपली जुनी गंमत आहे, त्यात राग धरायचा नसतो. सिद्धलिंग माझ्याकडे बघून गालात हसत होता, का ते कळलं नाही.

आधी बैलं आणली. मग गाय. मी उभा राहून सांगितलं, "बैलं बापाची. आन् ही गाय आईची, झुलूंच्या रिवाजापरमाणं! हिला बापानंबी हात लावायचा न्हाई बरं का!" मांडव हसला. सुभद्राबाई हसली नाही. पुढे आली, गायीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि दावं स्वतःच्या हातात घेतलं. मला वाटलं, वा, ही पण सोंगात सामील झाली.

मग सटवा. घोंगडी पांघरून, काठी आपटत, मांडवाच्या कडेला उभा राहिला. महालिंग स्वामी, आमचे गुरू, चौरंगावर बसले होते. तेही पान चघळत मजा बघत होते. सटवा ओरडला, "ए बाई! सरकार इचारतंय! तू तुझ्या मर्जीनं ह्येच्याशी लगीन करतीस का? मोठ्यानं बोल!"

नीलम्मा पाटावर बसली होती, हळदीनं पिवळी. तिनं मान वर केली.

"न्हाई," म्हणाली.

मांडव असा हसला की कावळे उडाले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. पोरगी सोंग वठवते आहे, मला तिचा अभिमान वाटला. हे लिहून ठेवतो, कारण खोटं लिहिण्यासाठी मी ही दैनंदिनी धरली नाही.

सटवाला चेव आला. त्यानं परत काठी आपटली, परत विचारलं. ती उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी पदर धरला होता. म्हणाली, "न्हाई. माजी मर्जी न्हाई. सगळ्यांनी ऐका."

कुणी हसलं नाही. मी एकटाच अर्धवट हसत होतो, ते तोंडातच राहिलं. सटवानं काठी खाली ठेवली.

आप्पाराव हात उगारून धावला. स्वामींनी पान थुंकलं आणि म्हणाले, "थांब आप्पाराव. इचारलं कुणी?"

"सोंग हाय ते, महाराज!"

"इचारलं कुणी म्हन्तो मी. नवरदेवानं इचारायला लावलं, का न्हाई?" माझ्याकडे बघत होते. पंचक्रोशी माझ्याकडे बघत होती. माझी मान हलली. "मंग गुरूच्या म्होरं इचारलेल्याचा जबाब गुरूच्या म्होरंच झाला. न्हाई म्हणलेल्या पोरीवर मी अक्षता टाकीत न्हाई."

त्यांचं पोट माझ्याच शिध्यावर वाढलंय, हे इथे लिहून ठेवतो.

माघ वद्य ५, वाटेत

दमणीत आक्का, सिद्धलिंग आणि मी. शालू गाठोड्यात. मी सिद्धलिंगाला म्हणालो, "तूच त्या पोरीला फूस लावलीस. तुझ्या गोष्टींनी तिचं डोकं फिरवलंस."

तो म्हणाला, "अण्णा, मी केजला काल पैल्यांदा आलो. पोरीला म्या कवा बघितलंबी नव्हतं."

"मंग तिला सांगितलं कुणी?"

तो छत्रीच्या मुठीकडे बघत बसला. आक्का बाहेर बघत बसली. गाडीवानानं बैलांना उगीच चाबूक मारला. 

मोमिनाबाद आलं तेव्हा आक्का एकदम मला म्हणाली, "वैजू, माज्या लग्नात मी सात वर्साची व्हते." मी म्हणालो, मग? म्हणाली, "काय न्हाई." आणि रडायला लागली. लग्न माझं मोडलं आणि रडते ही! हिला काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

माघ वद्य ८

दुकान बंद ठेवलं. सकाळी कलप लावायला न्हावी आला होता, त्याला हाकलला. लोक काय बोलत असतील ते मला माहीत आहे, कारण तेच मी दुसऱ्याबद्दल बोललो असतो.

बैलं आप्पाराव परत करणार नाही. असला माणूस देज परत करील? झुलू करतात म्हणे. करतात तर करतात.

माघ वद्य १२

दुपारी दारात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. मला वाटलं, भास. बाहेर आलो तर माझी कंधारी जोडी, आणि कासरा धरून सुभद्राबाई. सोबत एक म्हातारा गडी. बाई केजहून चालत आली होती, पाय धुळीनं पांढरे. आप्पाराव दिसला नाही. लाजला असेल, किंवा बैलं सोडवेनात म्हणून घरीच बसला असेल. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

"बैलं तुमची, शेट. मोजून घ्या," म्हणाली. दोन बैलं काय मोजायची?

मी दोऱ्या हातात घेतल्या. बोलायचं काही नव्हतं, आणि गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून विचारलं, "आन् गाय?"

"गाय माजी हाय."

"आवो बाई, ते सोंग व्हतं!"

"तुमीच सांगितलं, चार माणसात. बापानंबी हात लावायचा न्हाई म्हणून. मालकांनी परवा तिला बाजाराला काढली व्हती. म्या दावं सोडलं न्हाई. म्हणलं, शेटचा शब्द हाय."

"भाकड हाय ती. लंगडी. दूध देणार न्हाई, शेण तेवढं देईल."

"आसू द्या," ती म्हणाली. "त्या घरात माज्या नावाची दुसरी चीज न्हाई."

आक्का बाहेर आली होती. तिनं सुभद्राबाईला हाताला धरून आत नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. दोघी चुलीपाशी बसल्या. कितीतरी वेळ आतून बोलण्याचा आवाज येत होता. माझ्या बहिणीला इतकं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी अंगणात बैलांच्या दोऱ्या धरून उभा, आपल्याच घरात जायचं की नाही हे कळेना.

जाताना सुभद्राबाई दारात थांबली. "पोरगी म्हणली, शेटला सांग, तुमच्या गोष्टी लई चांगल्या व्हत्या. त्या मुलखातली पोरगी न्हाई म्हणली तरी मारत न्हाईत, ते तुमीच सांगितलं, म्हणून धीर झाला."

 अडाणी बाया. जंगली रिवाज. समुद्रापलीकडच्या उघड्या लोकांचं ऐकून केजातली पोर मांडवात उभी राहते, आणि तिची आई लंगडी गाय पाळते. सगळा मुलूख बिघडला.

बैलं बांधली. त्यांना कळणा घातला. त्या दिवशी ओट्यावर मी छत्री घेऊन नाचलो तेव्हा नीलम्मा हसली होती. मला खरंच वाटलं होतं की ती माझ्यावर खूश होऊन हसली.